सायन्सच्या रीडिंगचा ग्राफ स्प्रेडशीटमध्ये कसा काढायचा? मुलं नेहमी विचारतात ते सगळे प्रश्न

मी आठवी ते दहावीच्या मुलांना विज्ञान शिकवते आणि आठवड्यातून एकदा कॉम्प्युटर लॅबमध्ये त्यांच्याच प्रयोगांचे ग्राफ काढून घेते. दरवर्षी तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदा सगळी उत्तरं नीट लिहून ठेवतेय. मुलांनी वाचावं, पालकांनी वाचलं तरी चालेल. एक सूचना आधीच देते, इथे आकडे देवनागरीत लिहिलेत पण शीटमध्ये टाइप करताना कीबोर्ड इंग्रजीवर ठेवा.

ग्राफ पेपरवर छान येतो की, मग कॉम्प्युटरवर कशाला?

ग्राफ पेपर सोडायचा नाहीये. परीक्षेत कागदावरच काढावा लागतो आणि स्केल निवडायची अक्कल हातानं चार ग्राफ काढल्याशिवाय येत नाही. पण कागदावर एक ग्राफ काढायला अर्धा तास जातो, त्यामुळे रीडिंग चुकलंय असं लक्षात आलं तरी मुलं परत काढायला तयार नसतात, आहे तेच रेटतात. शीटमध्ये आकडा बदलला की ग्राफ आपोआप बदलतो. म्हणजे प्रयोग चालू असतानाच, टेबलावर सामान मांडलेलं असतानाच ग्राफ बघता येतो आणि काही विचित्र दिसलं तर तिथल्या तिथे रीडिंग परत घेता येतं. माझ्या दृष्टीनं हाच सगळ्यात मोठा फायदा आहे.

कुठलं सॉफ्टवेअर वापरू? लॅपटॉप नाही, फोनवर चालेल का?

एक्सेल असेल तर एक्सेल, नाहीतर गूगल शीट्स, आणि शाळेत नेटचा भरवसा नसेल तर लिबरऑफिस कॅल्क, ते फुकट आहे आणि नेटशिवाय चालतं. शाळेच्या कामासाठी तिन्हीत फार फरक पडत नाही. फोनवर शीट्सच्या अॅपमध्ये रीडिंग भरता येतात, चार्टही टाकता येतो, पण पर्याय कमी असतात. आमची मुलं प्रयोगाच्या टेबलाशी फोनवर रीडिंग भरतात आणि शेवटचा ग्राफ लॅबमध्ये काढतात.

टेबल कसं भरायचं?

सगळ्यात जास्त ग्राफ इथेच बिघडतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पहिल्या ओळीत कॉलमचं नाव आणि एकक लिहायचं, उदाहरणार्थ "लांबी, मीटर". एकक फक्त तिथेच. खाली सेलमध्ये नुसते आकडे. मुलं वहीतल्या सवयीनं प्रत्येक सेलमध्ये "२० सेमी", "४० सेमी" असं लिहितात आणि मग ग्राफ रिकामा किंवा भलताच येतो, कारण आकड्यापुढे अक्षर आलं की शीटच्या लेखी तो आकडा राहत नाही, तो मजकूर होतो. ओळखायची खूण सोपी आहे: काहीही फॉरमॅटिंग केलेलं नसेल तर आकडे सेलच्या उजव्या कडेला लागतात आणि मजकूर डावीकडे. एखादं रीडिंग डावीकडे चिकटलेलं दिसलं की तिथे काहीतरी घुसलंय, एकक असेल, आकड्याच्या मध्येच पडलेली स्पेस असेल, शून्याच्या जागी इंग्रजी ओ असेल, नाहीतर दशांश चिन्हाऐवजी स्वल्पविराम पडला असेल.

दुसरं म्हणजे सेल मर्ज करू नका, मध्ये रिकाम्या ओळी सोडू नका, आणि रंगरंगोटी नंतर. आधी आकडे.

मी ३-४ टाइप केलं तर तिथे तारीख आली!

हो, शीटला वाटतं तुम्ही तारीखच लिहिताय. १/२ लिहिलं तरी तेच होतं. तो कॉलम आधीच सिलेक्ट करून फॉरमॅट "टेक्स्ट" करून ठेवा, किंवा अर्धा लिहायचा असेल तर सरळ ०.५ लिहा. हा त्रास फक्त मुलांना होतो असं नाही बरं का. मानवी जनुकांची काही नावं मार्च आणि सेप्टेंबरच्या इंग्रजी लघुरूपांसारखी होती, एक्सेल त्यांच्या तारखा करून टाकायचं आणि शोधनिबंधांच्या तक्त्यांत चुका शिरायच्या, शेवटी २०२० साली त्या जनुकांची नावंच बदलली गेली.

स्टॉपवॉचवर १:३२ दिसतंय, तसंच लिहू?

नको. शीटच्या हिशोबानं ते एक तास बत्तीस मिनिटं होतं. सेकंदात करून ९२ लिहा.

एक्स-अक्षावर काय घ्यायचं आणि वाय-अक्षावर काय?

जे आपण ठरवतो ते एक्सवर, जे त्यामुळे बदलतं आणि आपण मोजतो ते वायवर. दोरीची लांबी आपण ठरवतो, वेळ मोजतो. वेळ घड्याळात दर पाच मिनिटांनी आपण बघतो, तापमान मोजतो. शीटमध्ये एक्सचा कॉलम डावीकडे आणि वायचा उजवीकडे ठेवला की स्कॅटर चार्टमध्ये, म्हणजे नुसत्या ठिपक्यांच्या ग्राफमध्ये, ते आपोआप बरोबर बसतं.

ओहमच्या नियमात मात्र मुलांचा गोंधळ होतो, कारण काही जण विभवांतर एक्सवर घेतात, काही जण विद्युतधारा. दोन्ही चालतं. फक्त विभवांतर वायवर असेल तर रेषेचा चढ म्हणजे रोध, आणि उलट घेतलं असेल तर चढ म्हणजे १ भागिले रोध. आपण काय घेतलंय ते विसरून चढालाच रोध म्हणून लिहिलं की उत्तर पार चुकतं.

लाइन चार्ट घ्यायचा की स्कॅटर?

प्रयोगात दोन्ही राशी मोजलेल्या असतील तर स्कॅटर. मुलं नावाला फसतात, त्यांना "रेषा" हवी असते म्हणून लाइन चार्ट निवडतात. एक्सेलचा लाइन चार्ट एक्सच्या आकड्यांना नुसती लेबलं समजतो आणि सारख्या अंतरावर मांडतो. समजा तुम्ही ०, १, २, ५, १० आणि २० मिनिटांनी तापमान घेतलं, तर लाइन चार्टमध्ये १ ते २ मधलं अंतर आणि १० ते २० मधलं अंतर सारखंच दिसेल, आणि ग्राफचा आकारच खोटा होईल. सरळ रेषा वाकडी दिसेल, वाकडी कदाचित सरळ. स्कॅटरमध्ये प्रत्येक ठिपका त्याच्या खऱ्या जागी बसतो, ग्राफ पेपरवर आपण बसवतो तसाच.

गूगल शीट्समध्ये आकडे सिलेक्ट करून इन्सर्ट, मग चार्ट, उजवीकडे जी पट्टी उघडते तिच्यात सेटअपमध्ये चार्ट टाइप स्कॅटर करा. एक्सेलमध्ये इन्सर्टमध्ये चार्टच्या चित्रांमध्ये नुसत्या ठिपक्यांचं चित्र असतं, ते. कॅल्कमध्ये नाव एक्स-वाय असं आहे.

एक पूर्ण उदाहरण करून दाखवाल का?

साध्या लंबकाचं घेऊ. दोरा, एखादा जड नट आणि फोनचं स्टॉपवॉच एवढंच लागतं. लांबी मोजताना दोरा बांधलाय तिथपासून नटाच्या मध्यापर्यंत मोजा, आणि झोका लहानच द्या, मोठा दिला तर दोलनकाल, म्हणजे एकदा जाऊन परत यायला लागणारा वेळ, वाढतो. एका दोलनाची वेळ मोजू नका, बोट दाबायला जो उशीर होतो तोच खूप मोठा पडतो, २० दोलनांची मोजा आणि २० ने भागा.

आमच्या वर्गात तीनतीनदा मोजून सरासरी आली ती अशी:

०.२ मीटर: १८.१ सेकंद
०.४ मीटर: २५.५ सेकंद
०.६ मीटर: ३१.० सेकंद
०.८ मीटर: ३६.१ सेकंद
१.० मीटर: ४०.२ सेकंद

आता तिसऱ्या कॉलमच्या पहिल्या सेलमध्ये बरोबरचं चिन्ह टाइप करा, शेजारच्या १८.१ वर क्लिक करा, भागिले २०, एंटर. ०.९०५ येईल. त्या सेलच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात माउस नेला की छोटी खूण दिसते, ती धरून खाली ओढा, बाकीचे चारही निघतात. हे पहिल्यांदा बघताना मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

आधी लांबी आणि दोलनकाल यांचा ग्राफ काढा. सरळ रेषा येत नाही, ठिपके हळूहळू आडवे होत जातात. मग चौथ्या कॉलममध्ये दोलनकालाचा वर्ग काढा, त्यासाठी टोपीचं चिन्ह लागतं, ते सहाच्या बटणावर शिफ्ट दाबून मिळतं, आणि पुढे २. ०.८१९, १.६२६, २.४०३, ३.२५८, ४.०४० असे आकडे येतील. आता लांबीचा कॉलम सिलेक्ट करा, कंट्रोल दाबून ठेवून वर्गाचा कॉलम सिलेक्ट करा आणि स्कॅटर काढा. ठिपके एका ओळीत उभे राहतात, पट्टी लावल्यासारखे.

या रेषेचा चढ हवा. शीट्समध्ये कस्टमाइझ, सिरीज, तिथे ट्रेंडलाइनला (ठिपक्यांमधून जाणारी, शीटनं काढलेली रेषा) टिक, आणि लेबलमध्ये इक्वेशन निवडा. एक्सेलमध्ये चार्टच्या बाजूला अधिकचं चिन्ह येतं तिथे ट्रेंडलाइन आहे. नाहीतर सेलमध्ये स्लोप नावाचं फंक्शन वापरा, पण त्यात आधी वायचे सेल द्यायचे आणि मग एक्सचे, उलट दिले तर उत्तर उलटं येतं. आमचा चढ ४.०३७ आला. सूत्रानुसार दोलनकालाचा वर्ग आणि लांबी यांच्या ग्राफचा चढ म्हणजे ४ गुणिले पायचा वर्ग भागिले गुरुत्व त्वरण. वरचा भाग ३९.४८ होतो, भागिले ४.०३७ केलं की ९.७८. दोऱ्याला बांधलेल्या नटावरून पृथ्वीचं गुरुत्व त्वरण मुलांनी स्वतः काढलं! अर्थात पुढच्या बॅचला ९.७ किंवा ९.९ आलं तरी ते चुकले असं मी म्हणत नाही, हातातल्या स्टॉपवॉचनं एवढा फरक पडतोच.

एकच ठिपका रेषेच्या बाहेर गेलाय. डिलीट करू का?

नाही. आधी विचारा की तो बाहेर का गेला.

वर दिलेले आकडे आमचे पहिले आकडे नव्हते. पहिल्या वेळी ०.८ मीटरला ३४.३ सेकंद आले होते, तीनही वेळा जवळजवळ तेवढेच. ग्राफमध्ये चार ठिपके ओळीत आणि हा एक खाली उतरलेला. गुरुत्व त्वरण १०.१८ येत होतं. एक मुलगा म्हणाला, बाई, मी ३६ करून टाकू का, मग बरोबर बसेल. मी म्हटलं, बसेल, पण मग ते आपलं रीडिंग राहणार नाही, आपण ठरवलेला आकडा होईल. मग गटात चर्चा झाली, दोरा सैल झाला होता का, लांबी परत मोजली, ती बरोबर निघाली. शेवटी एका मुलीच्या लक्षात आलं की दर लांबीला मोजणारा बदलत होता, आणि ०.८ ला ज्या मैत्रिणीकडे मोजायचं काम होतं ती नट सोडतानाच "एक" म्हणत होती. सोडताना "शून्य" म्हणायचं असतं. म्हणजे तिची वीस दोलनं खरी एकोणीसच होती. ३४.३ भागिले १९ करून बघितलं तर १.८०५. परत वीस मोजून घेतलं तर ३६.१, भागिले २० तेही १.८०५.

तीन वेळा मोजूनही ही चूक सापडली नव्हती, कारण तीनही वेळा तीच चूक झाली होती. सरासरीनं ती लपली असती, ग्राफनं पकडली. म्हणून बाहेरचा ठिपका दिसला की रीडिंग परत घ्या, कारण सापडलं तर ते वहीत लिहा, आणि कारण नाहीच सापडलं तर ठिपका तसाच ठेवा आणि तेही लिहा. जुना आकडा खोडू नका, शेजारच्या कॉलममध्ये शेरा टाका.

सगळे ठिपके एकमेकांना जोडायचे ना?

प्रयोगाच्या ग्राफमध्ये नाही. प्रत्येक रीडिंगमध्ये थोडी चूक असतेच, ठिपके जोडत गेलं की आपण त्या चुकांची नागमोडी काढत बसतो. मधून जाणारी एकच रेषा किंवा एकच सौम्य वक्र काढा, थोडे ठिपके वर राहतील, थोडे खाली. शीट्समधलं "स्मूथ" किंवा एक्सेलमधला वळणदार रेषांचा स्कॅटर तर टाळाच, तो प्रत्येक ठिपक्यातून जाण्यासाठी नसलेली वळणं घेतो.

आर स्क्वेअर ०.९६ आला, म्हणजे ग्राफ बरोबर ना?

याचं उत्तर गरम पाण्यावरून देते. स्टीलच्या ग्लासात गरम पाणी, खोलीचं तापमान २८ अंश सेल्सिअस. दर पाच मिनिटांनी ८०, ६६, ५६, ४९, ४४. यावर सरळ ट्रेंडलाइन टाकली तर आर स्क्वेअर ०.९६ येतो, मुलं खूश होतात. आता तीच रेषा पुढे वाढवा. साधारण ४३ मिनिटांनी ती शून्य अंशावर जाते. म्हणजे २८ अंशाच्या खोलीत ठेवलेल्या ग्लासात बर्फ व्हायला हवा!

आर स्क्वेअर एवढंच सांगतो की निवडलेली रेषा ठिपक्यांच्या किती जवळ आहे. रेषेचा प्रकारच चुकीचा निवडला असेल तर ते तो सांगत नाही, ते डोळ्यांनी बघावं लागतं. इथे नीट बघितलं तर पहिला आणि शेवटचा ठिपका रेषेच्या वर आहे आणि मधले तिन्ही खाली, असा ठरावीक आकार दिसला की समजायचं, ही सरळ रेषा नाहीच. पहिल्या पाच मिनिटांत १४ अंश उतरले, शेवटच्या पाचमध्ये ५, कारण पाणी आणि खोली यांच्या तापमानातला फरक जितका जास्त तितकं पाणी भराभर निवतं. हा न्यूटनचा शीतलीकरणाचा नियम. प्रत्येक रीडिंगमधून २८ वजा करा, ५२, ३८, २८, २१, १६ येतात, म्हणजे दर पाच मिनिटांनी फरक साधारण पाऊणपट होतोय. या नव्या कॉलमवर ट्रेंडलाइनचा प्रकार एक्स्पोनेन्शियल, म्हणजे अशी ठरावीक पटीनं बदलणारी, निवडा, मग बघा कशी बसते.

१९७३ साली फ्रान्सिस अॅन्सकोम नावाच्या संख्याशास्त्रज्ञानं अकरा अकरा ठिपक्यांचे चार संच तयार केले होते, चौघांची सरासरी आणि ट्रेंडलाइन जवळजवळ सारखी, पण ग्राफ काढला की एक साधा विखुरलेला, एक चक्क वक्र, आणि दोघांमध्ये एकच भलता ठिपका सगळा घोळ घालणारा. दहावीच्या मुलांना मी ते चारही काढायला लावते.

रेषा शून्यातून गेलीच पाहिजे का?

जबरदस्तीनं नेऊ नका. एक्सेलमध्ये इंटरसेप्ट, म्हणजे रेषा वाय-अक्षाला जिथे भेटते तो आकडा, शून्य करायचा पर्याय असतो, पण आधी तो न वापरता बघा. लंबकाच्या ग्राफमध्ये आमची रेषा वाय-अक्षाला ०.००७ वर भेटली, म्हणजे जवळजवळ शून्यच, छान. पण कुणी लांबी नटाच्या मध्यापर्यंत न मोजता नुसत्या दोऱ्याची मोजली असेल तर सगळे ठिपके सारखेच सरकतात, चढ तोच राहतो आणि रेषा शून्याच्या वर भेटते. ती चूक दिसायला हवी असेल तर रेषेला मोकळं सोडावं लागतं.

अक्ष शून्यापासूनच सुरू करायचा?

स्तंभालेखात हो, नेहमी, कारण तिथे आपण स्तंभाची उंची बघून तुलना करतो. खालचा भाग कापला तर थोडासा फरक दुप्पट तिप्पट दिसतो, आणि शीट कधी कधी स्वतःहून कापते, म्हणून तपासा. स्कॅटरमध्ये सक्ती नाही, ताप ३७ ते ३९ अंशांत बदलत असेल तर शून्यापासून काढून काहीच दिसणार नाही.

रेषा पुढे वाढवून उत्तर काढलं तर चालतं का?

मोजलेल्या दोन ठिपक्यांच्या मधलं काढलं तर साधारण चालतं. बाहेरचं जपून. पाणी तापवताना रेषा सरळ वर जाते म्हणून दहा मिनिटांनी १३० अंश होईल असं लिहिणारी मुलं असतात, पण पाणी उकळायला लागलं की तापमान थांबतं, महाबळेश्वरला तर उंचीमुळे १०० च्या आधीच, ९५-९६ च्या आसपास. दहावीच्या "उष्णता" धड्यातला अप्रकट उष्म्याचा (उष्णता देऊनही तापमान वाढत नाही तो) आडवा भाग तो हाच.

स्तंभालेख आणि वृत्तालेख मग कधी?

एक्सवर आकडा नसून नावं असतील तेव्हा स्तंभालेख: काळी माती, लाल माती, वाळू यांतून किती पाणी झिरपलं. वृत्तालेख फक्त एका पूर्ण गोष्टीचे भाग दाखवायला, आणि भाग चार-पाचपेक्षा जास्त नकोत. थ्री-डी काही घेऊ नका, तिरक्या स्तंभाची उंची वाचताच येत नाही.

स्वतः प्रयोग न करता तयार डेटा वापरला तर?

चालेल, कुठून घेतला ते लिहा. मला सगळ्यात आवडतो तो हवाई बेटांवरच्या माउना लोआ वेधशाळेचा कार्बन डायऑक्साइडचा डेटा. शास्त्रज्ञ चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ मध्ये तिथे मोजायला सुरुवात केली तेव्हा तो हवेच्या दहा लाख भागांत साधारण ३१५ भाग होता, आता ४२० च्या वर गेलाय. महिन्यांचे आकडे फुकट उतरवून घेता येतात. ग्राफ काढला की चढती रेषा तर दिसतेच पण तिच्यावर दरवर्षी एक लाटही दिसते, उत्तर गोलार्धातली झाडं उन्हाळ्यात कार्बन डायऑक्साइड ओढून घेतात आणि मग तो परत वाढतो. झाडांचा श्वास शीटमध्ये बघायला मिळतो, याहून चांगला प्रोजेक्ट मला माहीत नाही. आणि घराच्या गच्चीवर सरळ भिंतींचा डबा ठेवून जून ते सप्टेंबर रोजचा पाऊस मोजलात तर तो डेटा तुमचा स्वतःचा.

प्रोजेक्टमध्ये ग्राफ लावताना काय काय हवं?

दोन्ही अक्षांची नावं एककासकट, आणि काय काढलंय ते सांगणारं शीर्षक, "ग्राफ १" नको, "लंबकाची लांबी आणि दोलनकालाचा वर्ग" असं. एकच सिरीज (ठिपक्यांचा एकच संच) असेल तर बाजूची लेजंड, म्हणजे कुठला ठिपका कशाचा ते सांगणारी चौकट, काढून टाका, जागा खाते. प्रिंट काळी-पांढरी निघणार असेल तर दोन सिरीजना रंगाऐवजी वेगवेगळे ठिपके द्या, एक गोल आणि एक चौकोनी.

गटाची एकच फाइल ठेवली तर चालेल ना?

हो, शेअर करा, पण पहिल्या शीटचं नाव "मूळ रीडिंग" ठेवा आणि तिला नंतर कुणी हात लावायचा नाही. भागाकार, वर्ग, ग्राफ सगळं दुसऱ्या शीटवर. कोणत्या तारखेला घेतलं, कुणी मोजलं, कुणी लिहिलं तेही पहिल्या शीटवर टाका. आमच्या त्या ०.८ मीटरच्या ओळीपुढे अजूनही लिहिलेलं आहे: ३४.३, मोजणीत एक दोलन कमी, परत घेतलं.